रॅप-गीते आणि समीक्षेचे उत्तरदायित्व

एखाद्या तरुण रॅपकाराचा नवा अल्बम प्रसिद्ध होतो. त्यात शिव्या असतात, उघडे शृंगारिक उल्लेख असतात, सत्तेवर बसलेल्यांची हेटाळणी असते. काही दिवसांतच असंख्य विद्यार्थ्यांना तो तोंडपाठ होतो. मग सुशिक्षित समाजात दोन प्रकारचे अभिप्राय ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की हा भाषेचा अधःपात आहे. दुसरा पक्ष म्हणतो की हा उपेक्षितांचा हुंकार असल्यामुळे त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पहिला पक्ष पहिली शिवी कानी पडताच थांबतो आणि दुसरा गायकाची वस्ती कळताच थांबतो. गीत शेवटपर्यंत ऐकण्याचे कष्ट बहुधा दोघांनीही घेतलेले नसतात. अध्यापकांना मात्र असे थांबून भागत नाही, कारण विद्यार्थी त्यांनाच विचारतात, "सर, हे काव्य आहे काय?" या प्रश्नाला उत्तर देण्याची रीत कोणती असावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आम्हां हैदराबादकरांना हा विषय दूरचा नाही. 2019 च्या सुमारास रुहान अर्शद या येथील तरुणाचे 'मियाँ भाई' हे मित्रमंडळाचा तोरा मिरवणारे गीत देशभर गाजले. ते ज्या दखनीत आहे, तिच्यातील 'नक्को' आणि शब्दावर जोर देणारा 'च' ही मराठीचीच देणगी आहे. ज्यांनी सुलेमान खतीब यांच्यासारख्या दखनी कवींची विनोदी कविता मुशायऱ्यांतून ऐकली आहे, त्यांना रस्त्यावरच्या बोलीचा काव्यात प्रवेश झाला म्हणून दचकण्याचे कारण नाही.

प्रथम रचनेकडे पाहू. रॅप म्हणजे तालावर केलेले लयबद्ध भाषण. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांत त्याला आकार आला. त्यात स्वरांना गौणत्व असते. सारे कौशल्य ठरावीक ठोक्यांत कमीअधिक अक्षरे बसविण्यात, यमकांची साखळी अंतर्भागातही खेळविण्यात आणि श्वास योग्य ठिकाणी तोडण्यात असते. हे वर्णन वाचताच मराठीच्या अभ्यासकाला अठराव्या शतकातील औरंगाबादच्या अमृतरायांचे कटाव आठवावेत. अनुप्रासांचा तोच धबधबा, तीच द्रुत लय, श्रोत्याला दम घेऊ न देण्याची तीच ईर्ष्या. अनंत फंदींचा फटका समाजाला खडसावतो. कलगी-तुऱ्याच्या फडांत दोन पक्ष परस्परांना सवाल टाकून निरुत्तर करू पाहतात. रॅप या रचनांतून जन्मले असे आमचे म्हणणे नाही. तथापि ते ऐकण्यास लागणारा कान आपल्यापाशी पूर्वीपासून आहे, एवढे यावरून निश्चित होते.

आता प्रक्षोभक अल्बमचा निवाडा कसा होतो, याचे एक बोधप्रद उदाहरण पाहू. 'टू लाइव्ह क्रू' या मायामीच्या गायकसमूहाचा 'अ‍ॅज नॅस्टी अ‍ॅज दे वॉना बी' हा अल्बम 1989 साली निघाला. त्यातील लैंगिक वर्णने अत्यंत उघडीवाघडी होती. जून 1990 मध्ये फ्लॉरिडातील एका संघराज्य न्यायाधीशाने तो अश्लील ठरविला. पुढे याच समूहावर कार्यक्रमातील गायनाबद्दल खटला झाला, तेव्हा साहित्याचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स साक्षीस आले. त्यांचे प्रतिपादन असे की, कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेत शाब्दिक कुरघोडीचे आणि अतिशयोक्त शिवराळपणाचे खेळ जुने आहेत, आणि गोऱ्या समाजाने कृष्णवर्णीय पुरुषाची जी कामांध प्रतिमा निर्माण केली तिचेच हे विडंबन आहे. पंचांनी गायकांना निर्दोष ठरविले. 1992 साली अपील न्यायालयाने अल्बमविषयीचा पहिला निर्णयही फिरविला. त्यामागील कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कृतीत कलामूल्य आहे असे सांगणारे जाणकार पुढे आले होते. उलट बाजूने ध्वनिफितीखेरीज कोणताच पुरावा आला नव्हता. न्यायाधीशाने केवळ ध्वनिफीत ऐकून कलामूल्य नाही असे ठरविणे अपील न्यायालयास मान्य झाले नाही. कान असणे आणि जाणकारी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच त्यातून मान्य झाले.

येथेच थांबलो तर आपण दुसऱ्या पक्षाच्या आहारी जाऊ. या प्रकरणावरील सर्वांत मार्मिक टीका 1991 साली किंबर्ली क्रेनशॉ या कायदेपंडित विदुषीने केली. ती स्वतः कृष्णवर्णीय असल्याने दोन्ही बाजूंचे ओझे तिच्यावर होते. तिने म्हटले की, इतर अनेकांचे तसलेच साहित्य मोकळे सोडून याच गायकांवर खटला भरण्यात वर्णद्वेष आहे. परंतु परंपरेचा आणि विनोदाचा दाखला देऊन जे बचाव करतात, त्यांना त्या गीतांत अवमानित होणारी कृष्णवर्णीय स्त्री दिसतच नाही. सारांश, परंपरेने एखाद्या कृतीचा उलगडा होतो. तेवढ्याने ती क्षम्य ठरत नाही. आमच्या मते सारी रॅप-समीक्षा या एका भेदावर उभी राहावयास हवी.

हा भेद आपल्या साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अश्लीलत्व हा दोष मानला आणि लज्जा, जुगुप्सा व अमंगल यांच्या सूचनेवरून त्याचे तीन प्रकार केले. मात्र त्याच ठिकाणी त्याने असेही सांगितले की बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, यांच्या औचित्यामुळे दोष कधी कधी गुणही होतो. तेव्हा शब्द तोच राहून त्याचे मूल्य बदलू शकते. शिव्यांची यादी करून अल्बमचा निकाल लावणारा टीकाकार स्वतःला परंपरेचा रक्षक समजत असेल, पण तो मम्मटाच्या मागेच राहिला आहे.

मराठीचा अनुभवही असाच आहे. राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ यांच्या लावणीकडे शिष्ट समाजाने दीर्घकाळ नाक मुरडून पाहिले. म. वा. धोंडांचा 'मऱ्हाटी लावणी' हा ग्रंथ 1956 साली आला. अशा अभ्यासांमुळे लावणी हा आपल्या चर्चेचा गंभीर विषय झाला. मर्ढेकरांच्या 'काही कविता' या 1947 च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले, आणि आज त्याच कविता वर्गांतून शिकविल्या जातात. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या वस्तीचे शब्द आपणांस ठाऊक नाहीत, ते समजून घेतले पाहिजेत, या नम्र भूमिकेतून ते त्या कवितेकडे गेले. ही नम्रता म्हणजे टीकाकाराची पहिली पात्रता होय. उलटपक्षी, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2015 साली त्यावर निर्णय झाला. साहित्याचे वाद न्यायालयात नेण्याची आपली सवय मोडलेली नाही, हे त्यावरून दिसते.

मराठी रॅपच्या वाट्याला काय आले? 'स्वदेसी' हा मुंबईचा बहुभाषिक गायकसमूह. 2019 साली त्याने आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह 'द वारली रिव्होल्ट' हे गीत केले; 2020 साली त्याचा 'चेतावनी' हा अल्बम निघाला. जंगलाचा आणि जमिनीचा प्रश्न येथे ज्यांचा तो आहे त्यांच्याच आवाजात मांडलेला आहे. याच समूहातील सौरभ अभ्यंकर हा अमरावतीचा गायक वऱ्हाडी बोलीला रॅपच्या ठोक्यावर आणतो. बोलीतील आघात मूळचेच तीक्ष्ण असल्याने ती तेथे सहज बसते. इंग्रजीतील संगीतविषयक नियतकालिकांनी या समूहाची दखल घेतली. आपल्या वाङ्मयीन मासिकांत मात्र त्याच्या भाषेची, लयीची किंवा विचाराची साधकबाधक चर्चा आमच्या वाचनात आली नाही.

या मौनाचा परिणाम काय होतो, ते एप्रिल 2023 मध्ये दिसले. त्या एकाच महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे याच्यावर आणि मुंबईच्या उमेश खाडे याच्यावर राज्यातील राजकारणावर टीका करणाऱ्या रॅप-गीतांबद्दल गुन्हे नोंदले गेले. तसेच पुण्याच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिवराळ रॅपचे चित्रीकरण केल्याबद्दल आणखी एका तरुणावर गुन्हा नोंदला गेला. या तिन्ही प्रकरणांची एकत्र चर्चा झाली, 'रॅप म्हणजे असेच' हा समज दृढ झाला. वस्तुतः सत्तेला जाब विचारणारे गीत आणि केवळ शिवीच्या धक्क्यावर उभे राहणारे गीत यांत मूलभूत अंतर आहे. ते अंतर दाखविणे हे पोलीस ठाण्याचे काम नव्हे. कलमांच्या भाषेत त्याला जागाही नाही. ते काम समीक्षेचे होते. समीक्षक गप्प राहिले की निवाडा दोनच ठिकाणी होतो, ठाण्यात किंवा बाजारात. ठाणे तक्रारदाराचा राग मोजते, बाजार ऐकणाऱ्यांची डोकी मोजतो. कृती कशी आहे हे दोघेही पाहत नाहीत.

म्हणून अध्यापकांनी असा अल्बम हाती घेताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. पहिला रचनेचा: ठोका, यमक आणि श्वास यांची बांधणी कसदार आहे काय, की शिवी ही केवळ रिकामी मात्रा भरून काढण्यासाठी आली आहे? दुसरा परंपरेचा: हा गायक कोणत्या वस्तीतून, कोणत्या बोलीतून, कोणत्या मौखिक संस्कारातून बोलत आहे? तिसरा आणि निर्णायक प्रश्न लक्ष्याचा: शब्दाचा प्रहार कोणावर होतो? आपल्याहून बलवानावर, की आपल्याहून दुबळ्यावर? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कितीही अनुकूल असली तरी तिसऱ्याचे उत्तर प्रतिकूल आले, तर ते स्पष्टपणे सांगावे. गायक उपेक्षित वस्तीतला आहे म्हणून त्याने केलेला स्त्रीचा अवमान झाकू नये. तसेच तो अवमान आढळला म्हणून त्याच्या लयीवरील प्रभुत्वही नाकारू नये.

असे केल्याने रॅप शिष्टसंमत होईल, अशी आमची अपेक्षा नाही; तसे होणे त्याला मानवणारही नाही. परंतु जो विद्यार्थी आज कानात यंत्र घालून ही गीते ऐकतो, तो यमक, लय आणि बोली यांच्या सहवासात रोज तासन् तास घालवीत असतो. तो आपणांस प्रश्न विचारतो, याचा अर्थ अद्याप त्याचा आपल्या निर्णयशक्तीवर विश्वास आहे. त्या प्रश्नाला आपण केवळ कपाळावरच्या आठीने उत्तर दिले, तर तो पुन्हा विचारणार नाही. तो ऐकत मात्र राहील, आणि चांगल्यावाईटाचा विवेक त्याला कोणी शिकविलेला नसेल.