आळ थंडीवर, चोर उन्हाळा

पुसातल्या पहाटे साकोली-लाखनीकडं धानाचे पुंजणे चुरायला निघालेला गडी कानाला मफलर गुंडाळून ट्रॅक्टरची चावी फिरवतो, अन् काल सांजेला एका दमात सुरू झालेला तोच ट्रॅक्टर नुसता टक्-टक् करून गप्प बसतो. मग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून केबल ओढा, नाहीतर ऊन चढेपर्यंत वाट पाहा, अन् तोवर सगळे मिळून थंडीच्या नावानं बोटं मोडतात.

पण लेकरांनो, ट्रॅक्टरच्या बॅटरीची, त्या काळ्या पेटीतली गंमत ऐका. 1859 साली प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड घालून, गुंडाळले अन् गंधकाच्या तेजाबात बुडवले. वीज भरली की साठायची, मागितली की परत मिळायची. आजही आपल्या बॅटरीत तशीच सहा घरं असतात, दर घराचे दोन व्होल्ट, मिळून बारा. तेजाब शिशाशी भिडतं तेव्हा वीज निघते, अन् थंडीत हे भिडणंच मंदावतं. शून्य अंशाला बॅटरीची जवळपास पाचवा हिस्सा ताकद कमी भरते. त्यात इंजिनातलं ऑइल बाटलीतल्या खोबरेलासारखं घट्ट झालेलं, म्हणजे देणारा कमजोर अन् मागणारा दांडगा.

नवल तर पुढंच आहे. भरलेल्या बॅटरीतलं तेजाब उणे 50 अंशांतही गोठत नाही, पण बॅटरी उतरली की तेजाबाचा अंश शिशात जातो, मागं बहुतेक पाणीच उरतं, अन् ते शून्याखाली सात-आठ अंशांवरच बर्फ होऊन पेटी फोडतं. म्हणून द्रासच्या बर्फात उतरलेली बॅटरी उघड्यावर ठेवणं धोक्याचं.

आपल्या भंडाऱ्यात पारा आठ-दहाच्या फारसा खाली जात नाही. तेवढ्या गारठ्यानं धडधाकट बॅटरी अडत नाही बापा! तिला खाल्लेलं असतं वैशाखानं. पारा 45 च्या घरात गेला की आतलं पाणी उडतं, पत्रे उघडे पडतात, शिशाची जाळी झिजते. पण उन्हाळ्यात इंजिन हलकं फिरतं म्हणून ते दुखणं लपून राहतं, अन् पुसात जोर मागितला की उघडं पडतं.

तेव्हा ट्रॅक्टर मे महिन्यात सावलीला लावा, झाकणाची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंत भरा, अन् टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन घ्या. धान चुरायच्या दिवसांची तयारी त्या उन्हातच करायची असते.