चपलेत मुरलेला हिरडा

दुकानात चप्पल घ्यायला गेलात की काय बघता? रंग, माप आणि फोटोत कशी दिसेल ते! पुढच्या वेळी कोल्हापुरी दिसली, तर आधी तिचा वास घ्या. आई "शी!" म्हणेल, म्हणू द्या. जुन्या पद्धतीने कमावलेलं चामडं असेल, तर झाडाच्या सालीसारखा वास येईल. का? तर त्या चामड्यात खरोखरच झाड मुरलेलं असतं.

कातडं म्हणजे प्राण्याची त्वचा. नुसती ठेवली तर ती कुजणारच. मग चप्पल वर्षानुवर्षं कशी टिकते? ही करामत झाडात असणाऱ्या टॅनिन नावाच्या द्रव्याची. हिरड्याचं फळ चघळून बघितलंय कधी? तोंड आवळून येतं, जीभ कोरडी पडते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्याचा हा परिणाम. कातड्यात ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटतं. धागे एकमेकांशी घट्ट बांधले जातात, मधलं पाणी निघून जातं आणि कातडं जिवाणूंना पचेनासं होतं. यालाच कातडं कमावणं म्हणतात.

कोल्हापुरीच्या चामड्यासाठी टॅनिन येतं बाभळीच्या सालीतून आणि हिरड्यातून. हिरडा आपल्या सह्याद्रीतलाच. जुन्नर, आंबेगावकडचे महादेव कोळी जमातीचे लोक तो रानातून गोळा करतात. आधी कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात. मग खरी गंमत! कातडं शिवून त्याचीच पिशवी करतात, तिच्यात साल, हिरडा आणि पाणी भरतात आणि पिशवी टांगून ठेवतात. पाणी कातड्यातून थेंब थेंब झिरपतं. खाली साचलेलं पाणी पुन्हा वर ओतायचं. असं कित्येक दिवस चालतं.

एवढा धीर कारखान्यांना कुठला! जगातलं बहुतेक चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काम एखाद्या दिवसात उरकतं आणि चामडं चक्क निळसर निघतं, रंग मागाहून देतात. पण या कामाचं सांडपाणी शुद्ध न करता सोडलं, तर क्रोमियम नदीत आणि मातीत जाऊन बसतं. हिरड्याची पद्धत अगदी सोवळी आहे असंही नाही बरं का! पाणी तिलाही भरपूर लागतं आणि तिचंही सांडपाणी शुद्ध करावंच लागतं. तरी दोन्हींतून निवडायचं झालं, तर माझं मत हिरड्याला.

आता चप्पल उलटी करून बघा. पारंपरिक कोल्हापुरीत खिळे नसतात, तळ चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो. काही कारागीर तळाच्या थरांमध्ये विंचू ठेवतात. घाबरू नका! विंचू नावाच्या झाडाची ती बी असते. चालताना करकर आवाज येतो तो तिचाच.

या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे तिचं घर. 2025 मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अगदी तशाच चपला दाखवल्या, पण आपल्या कारागिरांचं नाव काही घेतलं नाही. इथे ओरड झाली, तेव्हा कुठे त्यांनी मान्य केलं की कल्पना कोल्हापुरीवरून घेतली.

घरी करून बघायचंय? मोठ्यांना सांगून एका वाटीत कडक कोरा चहा घ्या आणि त्यात गंजका खिळा रात्रभर ठेवा. सकाळी चहा शाईसारखा काळा झालेला दिसेल. चहातलं टॅनिन आणि लोखंड यांचा हा उद्योग. तो चहा मात्र कुणी प्यायचा नाही हं!

आणि कोल्हापुरी घेतलीत, तर पावसात घालू नका, हे चामडं पाणी शोषून घेतं. भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा. वादी तुटली तर नवी चप्पल मागण्याआधी कोपऱ्यावरच्या काकांकडून शिवून आणा.