डोहाविषयीचे समज आणि डोहाची घडण

सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे वान नदी डोंगराची संगत सोडून पूर्णेच्या सखल खोऱ्याकडे वळते, त्या बुलढाणा आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरील वारी भैरवगडाच्या मारुतीला दर्शन, रोडगे आणि वनभोजन असा तिहेरी बेत आखून येणाऱ्या कुटुंबांचा रिवाज जुना आहे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजत ठेवावेत, वांग्यांची भाजी रटरटू द्यावी, आणि तेवढ्या अवकाशात पोरांनी ‘जरा पाण्यात जाऊन येतो’ म्हणत नदीकडे निघावे, हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणास वाटतही नाही. तेथला मामा-भाच्याचा डोह मात्र वऱ्हाडातील वर्तमानपत्रांच्या वाचकांना ज्या बातम्यांमुळे ठाऊक झाला आहे, त्या सुखाच्या नाहीत.

अशा डोहाविषयी सर्वांत जुना समज म्हणजे तो वर्षाला एक बळी घेतो, हा. काठावर साती आसरा या जलदेवतांचे ठाणे असते, हिरवा खण आणि बांगड्या वाहिलेल्या असतात, आणि कोणी बुडाले की आसरांनी ओढून नेले असे म्हणून प्रकरण दप्तरी दाखल होते. या श्रद्धेची टवाळी करण्याची माझी इच्छा नाही. खोल पाण्यापासून पोराबाळांना दूर ठेवण्याचे काम तिने पिढ्यान्‌पिढ्या केले असावे. अडचण अशी की, मान दिला म्हणजे भय सरले, असा उलटा निष्कर्षही तिच्यातूनच निघतो. वस्तुतः डोहाचा सारा दोष त्याच्या घडणीत आहे. पुराच्या पाण्याबरोबर गरगरणारे दगडगोटे काळ्या पाषाणाचा तळ शतकानुशतके कोरीत राहतात, त्यामुळे जेथे पाणी घोटाभर दिसते तेथून दोन पावलांवर तळ एकदम नाहीसा होतो. कडा घासून गुळगुळीत झालेल्या, त्यांवर शेवाळ चढलेले, आणि हाताला धरायला काही नाही. त्यातच प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे, वरून सरळ पाहणाऱ्याला आठ फूट पाणी सहाच फुटांचे भासते. ओढून नेण्यास आसरांची गरजच उरत नाही.

दुसरा समज अधिक घातक, कारण तो अभिमानातून उपजलेला आहे: ज्याला पोहता येते तो बुडत नाही. आपल्याकडे पोहणे शिकले जाई ते विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, काठावर काका किंवा मामा दोर धरून उभे असताना. ती विद्या उत्तमच होती; परंतु विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि तिची खोली घरातल्या थोरांना परसांत मोजून ठाऊक असते. नदीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. पूर्णा आणि खडकपूर्णा या नद्यांच्या पात्रांतून वाळूचा जो उपसा होतो, त्याचे खड्डे पाण्याखाली कोठे दडले आहेत हे गतवर्षी त्याच जागी पोहून गेलेल्यालाही सांगता येणार नाही. काळ्या मातीच्या मुलखात काठाचा गाळ पाय धरून ठेवतो, ही आणखी एक बाब. मद्य घेतलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याविषयी तर बोलावयासच नको. ‘जेवून पाण्यात उतरलास तर पोटात गोळा येऊन बुडशील’ असे मुलांना बजावणारी माणसे स्वतः पेला हातात घेऊन काठावर बसलेली मी पाहिली आहेत. जेवणाने माणूस बुडतो यास पुरावा नाही, मद्याने बुडतो यास भरपूर आहे.

याच सदरात तलावांची गोष्ट येते. अलीकडे राष्ट्रीय महामार्गांच्या कामासाठी लागणारा मुरूम आणि माती जलाशय व नाले खोल करून काढण्याची जी पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर गाजली, तिने या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पाणी साठले, हे निर्विवाद होय. पण यंत्राने खोदलेला काठ नैसर्गिक काठासारखा उतरता राहत नाही. तो उभा होतो. आजोबांनी ज्या तळ्यात म्हशी धुतल्या, त्याच तळ्याविषयीची त्यांची साक्ष नातवासाठी आता ग्राह्य धरता येत नाही. शेततळ्याची तर जातच निराळी: प्लास्टिकचे अस्तर ओले झाले की मोठ्या माणसालाही त्यावरून वर चढता येत नाही, आणि म्हणून काठाला बांधून आत सोडलेला गाठींचा दोर ज्या शेततळ्यात नाही, त्याच्या कुंपणाच्या आत मुलांना मुळीच सोडू नये.

‘येथे तर थेंबभर पाऊस नाही, मग पूर कसला?’ हा तिसरा समज. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या तालुक्यांतील नद्यांपैकी कित्येकींचे पाणी सातपुड्यावर पडते. डोंगरात ढग फुटला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांनी त्या पाण्याचा वेग पाहिला आहे. शिवाय वानेवर हनुमानसागर धरण आहे, आणि धरणाचे दरवाजे पावसाची वेळ पाहून नव्हे, तर साठ्याची पातळी पाहून उघडतात. पाणी अकस्मात गढूळ होणे, काटक्या-पाचोळा वाहून येणे, धारेचा आवाज वाढणे, यांपैकी एकही खूण दिसताच चपला आणि डबे जेथल्या तेथे टाकून उंचावर जावे.

घाटावर लोणारच्या विवरातील सरोवरापाशी मात्र निराळाच भ्रम आढळतो: खाऱ्या पाण्यात माणूस आपोआप तरंगतो, आणि ते पाणी त्वचारोगांवर गुणकारी असते. माणूस तरंगतो तो मृत समुद्रात, ज्याचा खारटपणा सागराच्या सुमारे दसपट आहे. लोणारचे पाणी त्याच्या जवळपासही नाही. ते तीव्र अल्कधर्मी आहे, डोळ्यांना झोंबते, आणि त्याखाली दलदलीसारखा गाळ आहे. शिवाय हे सरोवर 2000 सालापासून अभयारण्यात मोडते आणि नोव्हेंबर 2020 मध्ये त्यास रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तेव्हा ते पाहण्याचे स्थळ आहे, उतरण्याचे नव्हे. स्नानाची हौस असणाऱ्यांसाठी विवराच्या काठावरील गोमुखाची गोड्या पाण्याची धार आहेच.

आता शेवटचे दोन समज, जे प्रसंग घडल्यावर जीव घेतात. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, अशी आपली समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. प्रत्यक्षात ज्याला श्वासच पुरत नाही तो ओरडणार कशाने? तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते, हात नकळत पाणी खाली दाबू पाहतात, देह उभाच राहतो, आणि बहुधा मिनिटाच्या आत सारे निःशब्द संपते. म्हणून मुलांचा गलबला ऐकू येतो तोवर ठीक. तो थांबला की वळून पाहावे. लहान मुलाबरोबरचे मोठे माणूस हातभर अंतरावर हवे, आणि त्या वेळी त्याच्या हाती मोबाईल नसावा. कोणी बुडताना दिसल्यास मागोमाग उडी घेऊ नये, कारण घाबरलेला माणूस वाचविणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो, आणि एकामागून एक भावंडे गेल्याच्या बातम्यांचे मूळ बहुशः येथेच असते. काठावर आडवे पडून फांदी किंवा लुगडे पुढे करावे, अथवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोराला बांधून फेकावा. सहलीच्या सामानात असा दोर आणि कॅन न्यायला काहीच पडत नाही.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, हे प्रकार गावोगाव अजून चालतात. त्याने पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते, आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असेल तर डोके मागे कलते करून, नाक दाबून, तोंडाने आधी श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा, आणि दुसऱ्याने तोवर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस शुद्धीवर येऊन ‘मी बरा आहे’ म्हणाला, तरीही त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास कित्येकदा काही तासांनी जाणवतो.