भादव्याचा पाऊस

जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारी तालुके. पण भादव्यात पाऊस लागून राहिला, की घाटाकडचा शेतकरी सुखावतो आणि पूर्वेकडचा कपाळाला हात लावतो. असे का बरे?

पश्चिमेला भाताची खाचरे. भात निसवताना पाणी हवेच. पूर्वेला बाजरी. तिला फुलोऱ्यात पाऊस सोसत नाही. पराग धुऊन जातो, कणीस भरत नाही. ढगाळ, दमट हवेत अरगट रोग पडतो. कणसातून मधासारखा चिकट रस गळतो. पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी होतात. त्या विषारी असतात. माणसांनी खाऊ नयेत, गुरांनाही घालू नयेत.

यावर उपाय पेरणीआधीच करावा लागतो. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवावे. त्यात बी टाकावे. वर तरंगेल ते काढून जाळावे. तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. मीठ काही फार महाग नाही!

सातगाव पठारावर याच सुमारास बटाटा काढणीला येतो. चिखलात काढलेला बटाटा सडतो. म्हणून उघडीप पाहून काढावा, आणि ओला माल पोत्यात भरू नये.