घरगुती इंटरनेटची विश्वसनीयता : ठाणे व कल्याण-डोंबिवली

घरी इंटरनेटची जोडणी घेताना ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतो : वेग किती? विक्रेताही त्याच प्रश्नाचे उत्तर तयार ठेवून येतो. परंतु ज्याची नोकरी, परीक्षा किंवा परदेशस्थ मुलाशी होणारे बोलणे त्या जोडणीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने वेग हा गौण गुण होय. ऐन मुलाखतीच्या वेळी जोडणी अर्धा तास बंद पडली, तर उरलेल्या दिवसाच्या वेगाने ती हानी भरून निघत नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी घरापर्यंत येणारा मार्ग दूरध्वनीच्या तारेचा, आणि त्या मार्गावर ठाणे व कल्याण यांच्यामध्ये एक प्रशासकीय सीमा आडवी होती. ठाणे शहर महानगर टेलिफोन निगमाच्या मुंबई क्षेत्रात. त्याचा संकेतांकही मुंबईचाच, ०२२. कल्याण-डोंबिवली त्या क्षेत्राबाहेर; तेथील सेवा दूरसंचार खात्याकडे व १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगमाकडे, संकेतांक ०२५१. एकाच लोकलने मुंबईस जाणारे प्रवासी घरी परतल्यावर दोन निराळ्या संस्थांचे ग्राहक होत. २००५ साली दोन्ही निगमांनी तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड दिले. केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणानुसार त्या नावास पात्र ठरण्यास सेकंदास २५६ किलोबिट इतका वेग पुरेसा होता. तांब्याच्या तारेचा धर्म असा की, टेलिफोन केंद्रापासून घर जितके दूर तितका वेग कमी. शिवाय पावसाळ्यात जोडांत पाणी शिरे.

दुसरा मार्ग केबलवाल्याने काढला. दूरचित्रवाणीसाठी त्याची तार १९९० नंतरच्या दशकातच गच्चीवरून गच्चीवर गेली होती; डोंबिवलीसारख्या दाट वस्तीत इमारती इतक्या जवळ की, रस्ता खोदण्याचे कारणच पडत नसे. पुढे त्याच वाटेने इंटरनेट आले. केबलवाल्याचा उपहास करणे सोपे आहे. तथापि कोणत्या खांबावर तार तुटली हे मोठ्या कंपनीच्या तक्रार-केंद्रापेक्षा त्यालाच आधी कळते, हेही विसरता येत नाही.

या जोडणीची खरी कसोटी २०२० साली लागली. २३ मार्चपासून उपनगरी गाड्या बंद झाल्या, आणि त्या सर्वांसाठी खुल्या होण्यास १ फेब्रुवारी २०२१ उजाडला, तोही वेळेच्या बंधनांसह. लोकलची जागा घरातील तारेने घेतली. पुष्कळ कुटुंबांनी तेव्हा दुसरी जोडणी घेतली. तिचा उपयोग किती, हे थोडे गणित केल्यास कळते.

घरची जोडणी ही एक वस्तू नसून साखळी आहे. वीज, इमारतीतील यंत्र, बाहेरची तार व विभागाचे केंद्र असे चार दुवे घेऊ, आणि प्रत्येक दुवा ९९.५ टक्के वेळ चालू असतो असे उदाहरणादाखल गृहीत धरू. हा आकडा चांगला दिसतो. परंतु चारही दुवे एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण गुणाकाराने सुमारे ९८ टक्के येते. म्हणजे वर्षातून १७४ तास, सव्वासात दिवस, सेवा बंद. आता तशीच दुसरी, सर्वस्वी स्वतंत्र जोडणी घेतली, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षास साडेतीन तासांवर येतो. मात्र चारांपैकी एकच दुवा, समजा वीज, दोन्ही जोडण्यांत समाईक असेल, तर तोच काळ सुमारे ४६ तास होतो. दुप्पट पैसे मोजून घेतलेल्या लाभाचे मोल अशा प्रकारे एका समाईक दुव्यावर अडते.

हा समाईक दुवा काल्पनिक नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी पडघा-कळवा या उच्चदाब वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई व ठाणे परिसराची वीज गेली. कळवा ठाण्यातच, पडघा शेजारच्या भिवंडी तालुक्यात. अशा वेळी दोन कंपन्यांचे दोन राउटर एकाच क्षणी विझतात. उलट, वीज गेल्यावर सारा परिसर मोबाइलकडे वळतो. मनोऱ्याची बॅटरी टिकेल तोवर मोबाइल चालतो, पण गर्दीमुळे मंदावतो. लाल समुद्रातील तारा २०२४ साली तुटल्या तेव्हा मोठी चर्चा झाली. परंतु समुद्रतळाची तार तुटली की वाहतूक दुसऱ्या वाटेने वळते व परदेशी सेवा संथ होतात. घर पूर्ण अंधारात जाते ते सहसा शेवटच्या फर्लांगात.

म्हणून ‘फायबर’ या शब्दाची फोड करून घेणे अगत्याचे आहे. प्रकाशतंतू थेट घरात येत असेल, तर वाटेत बहुधा विजेवर चालणारे यंत्र नसते; निव्वळ काचेचा विभाजक एक प्रकाशकिरण अनेक घरांत वाटतो. तेव्हा वीज लागते ती केंद्रात आणि घरात, व घरच्या राउटरला बारा व्होल्टची छोटी बॅटरी पुरते. पण तंतू इमारतीपर्यंतच आणि पुढे तांब्याची तार असेल, तर जिन्यातील पेटीत एक यंत्र असते. ते जिन्याच्या विजेवर चालते, आणि घरात बॅटरी ठेवूनही ते बंद पडायचे टळत नाही. विक्रेते दोहोंनाही एकच नाव देतात. ही लबाडी नसली तरी गैरसोयीची संदिग्धता खास आहे.

दुसरी जोडणी घेण्यापूर्वी तिची तार कोठून येते हे डोळ्यांनी पाहावे. देयकावरील नाव निराळे असल्याने मार्ग निराळा ठरत नाही. कल्याण व डोंबिवली ही शहरे लोहमार्गाने पूर्व-पश्चिम विभागली आहेत, आणि रेल्वेच्या हद्दीतून तार नेण्यास रेल्वेची अनुमती लागते. ओलांडण्याच्या जागा मोजक्याच असल्यामुळे परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्या दोन कंपन्यांचे तंतू एकाच पुलाच्या कठड्याला बांधलेले असू शकतात.