फिटच्या धास्तीवर गटाचा उपचार

अपस्माराची फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत ओसरते. मेंदूतल्या पेशींमधून एकाच वेळी उसळलेले विद्युत संदेश शांत होतात आणि माणूस हळूहळू भानावर येतो. त्यानंतरचे कित्येक दिवस मात्र तो पुढच्या फिटच्या धास्तीत काढतो. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी बाजारात, बसस्थानकावर, कॉलेजात सगळी ओळखीचीच माणसे भेटतात. ‘चारचौघांत फिट आली तर?’ या एका विचाराने मुलगी शिक्षण सोडते, तरुण दुकानावर बसायचे टाळतो, घरचे पाहुण्यारावळ्यांतही आजाराची वाच्यता होऊ देत नाहीत. गोळ्या फिट रोखतात, पण या धास्तीवर वेगळा इलाज लागतो. गटात घेतलेली मानसोपचार सत्रे हा त्यातला तपासून पाहिलेला इलाज आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळाले, तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. भारतातल्या पाहण्यांत अपस्माराचे प्रमाण हजारी साधारण पाच-सहा आढळते. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात पंचवीस-तीस जण. तरीही त्यांतल्या अनेकांना वाटते की गावात हा आजार आपल्या एकट्यालाच आहे, कारण बाकीचेही तो लपवूनच जगत असतात.

मन का खचते?

पहिले कारण अनिश्चितता. दुखणे केव्हा उठेल हे कळत नसले की आपल्या हाती काहीच नाही, ही भावना घर करते. दुसरे कारण लोकांची वागणूक. बाहेरची बाधा मानून देवऋषीकडे नेणे, जुळलेले लग्न मोडणे, मुलाला शाळेतून काढणे हे अजूनही घडते. तिसरे कारण खुद्द मेंदूत आहे. अनेकांच्या फिटा मेंदूच्या ज्या भागात सुरू होतात, त्याच भागातून भावना आणि आठवणींचेही काम चालते. म्हणून अपस्मार आणि नैराश्य यांचे नाते दुहेरी आहे. अपस्मार असलेल्यांना नैराश्य येण्याची शक्यता जास्त असते आणि नैराश्य असलेल्यांत पुढे अपस्मार दिसण्याचे प्रमाणही जास्त असते. काही गोळ्यांमुळेही चिडचिड किंवा उदासी वाढते. अशा वेळी गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. औषध अचानक थांबवले तर फिटांची मालिका सुरू होऊन जिवावर बेतू शकते.

धास्तीने झोप उडते, उदासीत गोळ्या चुकतात, आणि जागरण व चुकलेली गोळी या दोन्हींमुळे फिट येऊ शकते. मनावर उपचार झाला तर हे चक्र तुटायला मदत होते.

गटात काय होते?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘पेसेस’ कार्यक्रमात सहा ते आठ जण आठ आठवडे, दर वेळी सव्वा तास एकत्र बसतात. सत्र दोघे मिळून घेतात: एक मानसतज्ज्ञ आणि एक स्वतः अपस्मार असलेली, प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. ‘तुला जमेल’ असे डॉक्टरांनी सांगणे आणि तेच फिट अनुभवलेल्या माणसाने सांगणे, यांत फरक पडतो.

अशा सत्रांत आधी आजाराची नीट माहिती दिली जाते. मग झोप, गोळ्या, ताण आणि फिटा यांची वही ठेवायला शिकवतात. ‘बाहेर पडलो की फिट येणारच’ हा विचार वहीतल्या नोंदींशी ताडून पाहतात. श्वासाचे आणि शरीर सैल सोडण्याचे व्यायाम होतात. मित्राला, मास्तरांना किंवा मालकाला आजाराबद्दल कसे सांगायचे, याचा गटातच सराव होतो. एका सत्राला घरच्यांना बोलावले, तर प्रथमोपचारही शिकवता येतात. माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, घड्याळ पाहावे आणि फिट पाच मिनिटांपुढे गेली तर तडक दवाखाना गाठावा.

हाँगकाँगमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेल्या ६० जणांचे दोन गट केले होते. एका गटाला सजगतेचे (माइंडफुलनेस) व्यायाम शिकवले, दुसऱ्यात परस्परांना आधार देणाऱ्या गप्पा झाल्या. दोन्ही गटांचे जगणे सुधारले, सजगतेच्या गटाचे अधिक. कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये अशा ३६ चाचण्या एकत्र तपासल्या. विचार आणि वागणूक बदलण्याचे कौशल्य शिकवणाऱ्या उपचारांनी जीवनमान सुधारते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

पुण्याची वाट

महाराष्ट्रात या कामाची एक वाट पुण्यात पडली. स्वतः अपस्मार अनुभवलेल्या यशोदा वाकणकर यांनी २००४ साली ‘संवेदना फाउंडेशन’चा एपिलेप्सी सपोर्ट ग्रुप सुरू केला. पुढे तिथे अपस्मार असलेल्यांसाठी विवाह जुळवण्याचे कामही सुरू झाले. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर निघाला होता, पण घराघरांतली भीती कायम होती. आजार न लपवता लग्न जुळू शकते, हे डोळ्यांनी पाहण्याची जागा या गटाने दिली. आधारगट म्हणजे संपूर्ण मानसोपचार नव्हे. मानसोपचाराला प्रशिक्षित माणूस आणि ठरलेली सत्रे लागतात. पण दोन्हींची सुरुवात एकच: आपल्यासारखा दुसरा माणूस भेटणे.

ही वाट नायगावपर्यंत कशी न्यायची? नायगाव हे नांदेड–देगलूर रस्त्यावर आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मजुरी बुडवून दर आठवड्याला तिथे जाणे कुणाला परवडणार? त्यावरही तोड निघाली आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या ‘अपलिफ्ट’ कार्यक्रमाने अशीच आठ सत्रे फोनवरच्या गटात घेतली आणि सहभागी लोकांचे नैराश्य कमी झाले. ज्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात, त्यांनी मात्र गटाची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटावे. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करता येईल. महिन्याच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या सहा-सात जणांना एकाच दिवशी बोलवावे, एक खोली द्यावी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला समुपदेशक त्या दिवशी तिथे असावा, आणि फिटा आटोक्यात आलेल्या एखाद्या जुन्या रुग्णाला त्याच्या जोडीला बसवावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, महागडे औषध लागत नाही. दवाखान्याने वेळापत्रक ठरवावे आणि घरच्यांनी आपल्या माणसाला निःसंकोच तिथे पाठवावे.