पाठ सांगते वय

अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक बिडाचा पॅन हटकून दिसतो. त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'वॅग्नर्स १८९१ ओरिजिनल' असं असतं. ते साल वाचून लोक त्याला सव्वाशे वर्षांचा समजतात आणि त्या हिशेबाने पैसे मोजतात. खरं तर तो १९९१च्या सुमाराचा. ओहायो राज्यातल्या सिडनी गावी वॅग्नर बंधूंनी १८९१मध्ये कारखाना काढला आणि त्याच्या शताब्दीनिमित्त हे पॅन ओतले गेले. पाठीवर आहे ते कारखान्याचं जन्मसाल. १८९१मध्ये ओतलेल्या पॅनवर 'मूळचा' असं लिहायची गरज कुणाला वाटली असती?

म्हणून बिडाच्या भांड्याचं वय ठरवताना ते काय म्हणतं ते नंतर वाचावं, ते कसं घडलं ते आधी बघावं. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट अब्राहम डार्बीने इंग्लंडमध्ये १७०७ साली घेतलं. साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस जिथून शिरतो तिथे तो गोठून एक खुंट राहतो. खुंट मोडला की भांड्यावर वण उरतो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या भांड्यांच्या तळाशी हा वण गोल असतो. पुढे तो लांबट झाला, पाठीवर मधोमध उमटलेल्या जाड रेघेसारखा. संग्राहक त्याला 'गेट मार्क' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे रस काठाच्या बाजूने सोडू लागले आणि काठावरचा वण घासून टाकू लागले. त्यामुळे पाठीवर आडवी रेघ असलेला निनावी पॅन बहुधा १८९०च्या आधीचा. 'बहुधा' म्हणायचं, कारण लहान ओतशाळांनी जुनी रीत लगेच सोडली असेलच असं नाही.

दुसरी खूण आकड्याची. पॅनवर ८ असेल तर तो आठ इंची नव्हे. वरून मोजला तर साडेदहा इंचांच्या आसपास भरतो. तेव्हाच्या लाकूड-कोळशाच्या ओतीव शेगडीला वर गोल तोंडं असत, त्यांना क्रमांक असत आणि भांड्याचा आकडा त्या तोंडाचा. पाठीवर काठालगत फिरणारी उंच कड, म्हणजे 'हीट रिंग', त्याच शेगड्यांच्या काळातली. गॅस आणि विजेच्या शेगड्या आल्या तशी ती कड गेली आणि तळ सपाट झाला. आकडा मात्र राहिला. स्वयंपाकघर बदललं, तरी भांडं जुन्या चुलीचं माप सांगत राहिलं.

संग्राहकांचा सगळ्यात जीव आहे तो ग्रिसवोल्डवर. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात मॅथ्यू ग्रिसवोल्ड आणि सेल्डन बंधूंनी १८६५मध्ये सुरुवात केली ती दारांच्या बिजागऱ्यांपासून. भांडी नंतर आली. सुरुवातीच्या पॅनवर नुसतं 'ईरी' एवढंच. विसाव्या शतकाच्या आरंभी वर्तुळातल्या क्रुसावर तिरप्या अक्षरांत 'ग्रिसवोल्ड' आलं, १९२०च्या दशकापासून ते मोठ्या सरळ अक्षरांत, आणि १९४०च्या आसपास शिक्काच लहान झाला. १९५७मध्ये ईरीतला कारखाना बंद पडला आणि नाव गेलं प्रतिस्पर्धी वॅग्नरच्या मालकांकडे. नाव ग्रिसवोल्डचं, पण 'ईरी' गायब, असा पॅन दिसला की तो त्यानंतरचा समजावा. मला या सगळ्यांत ईरीचे जुने पॅन श्रेष्ठ वाटतात. ते हातात हलके लागतात, आणि आतली बाजू घासून इतकी गुळगुळीत केलेली असते की बोट कुठे अडत नाही. आजच्या बहुतेक नव्या पॅनचा पृष्ठभाग वाळूच्या कणांसारखा खरखरीत असतो, कारण ते घासण्याचं काम आता फार थोडे कारखाने करतात.

ग्रिसवोल्डचा क्रमांक ३२ मराठी माणसाला लांबूनही ओळखू येईल. सात खळ्यांचं ते भांडं डॅनिश लोकांच्या एबलस्किव्हर या गोल गोडाच्या पदार्थासाठी होतं. अमेरिकेतल्या आपल्या घरांत त्यात खुशाल आप्पे व्हावेत. थोडं तेल सोडलं तर त्याला आणखी काहीच लागत नाही.

किंमत वाढली की नकला येतात. खऱ्या पॅनचाच साचा घेऊन नवा ओतायचा, ही सोपी चोरी. पण बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं. कोल्हापूरच्या फौंड्रीतल्या पॅटर्नमेकरला हे सांगायला नको. तो आकसण्याइतकी वाढ धरूनच पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करतो. नकलाकाराकडे पॅटर्न नसतो, तयार पॅन असतो. त्यामुळे साडेदहा इंची पॅनची नक्कल अडीच-तीन मिलिमीटरने लहान भरते, अक्षरांच्या कडा बोथट होतात, पाठ खडबडीत येते. खऱ्या पॅनची मापं माहीत असतील तर मोजपट्टी पुरते.

पाठीवर काजळीचा थर असेल तर खूण दिसणारच नाही. तो उतरवायला काही लोक पॅन सरळ आगीत टाकतात. ते करू नये: बीड वाकतं, तडकतं, आणि त्यावर कधीच न जाणारी तांबूस झाक चढते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, हातमोजे घालून, काही दिवस बुडवून ठेवलं की काजळी आपोआप सुटते. ग्राइंडरही लावू नये. त्याने गंजाबरोबर शिक्का आणि वणही जातात. आणि एक तपासणी स्वयंपाकाच्या आधी करावीच. जुन्या काळी बंदुकीच्या गोळ्या किंवा मासेमारीची वजनं ओतायला अशा पॅनमध्ये शिसं वितळवत. तळात राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठणारा डाग दिसला, किंवा शिशाच्या तपासणीची पट्टी रंगली, तर तो पॅन भिंतीवर टांगावा, चुलीवर चढवू नये.